चेष्टा

मालबिका नियोगी बाईंनी पहिल्याच शनिवारी
फळ्यापाशी उभं राहून आम्हाला सांगितलं, "चेष्टा करा."

आम्ही बेचाळीस शिक्षक,
शिवडीच्या शाळेचा तिसरा मजला,
हक्काची सुट्टी बुडाली म्हणून आधीच धुमसत,
आणि नैरोबी, मस्कत, लीड्स फिरून आलेली ही बाई
चेष्टा करा म्हणते.
केणी सर म्हणाले, "करतोच आहोत, मॅडम."
हसू मागच्या बाकापर्यंत गेलं.
कुणीतरी तिला अर्थ सांगितला.
तीही हसली, पण आधी वहीत लिहून घेतलं.
तिच्या भाषेत चेष्टा म्हणजे प्रयत्न.

एकतीस वर्षं बांगला साहित्य शिकवलं तिनं,
बंगालच्या बाहेर.
एका वर्षी परीक्षेला जगभरातून अकरा मुलं.
एका वर्षी एकच मुलगी,
तिच्यासाठी अख्खी प्रश्नपत्रिका,
अख्खा पर्यवेक्षक, सीलबंद पाकीट.
"एकटीच आहे म्हणून सोपा पेपर काढायचा नसतो,"
हे सांगताना ती डस्टर झटकत होती.

तिनं शिक्षक घडवले ते असे:
शुक्रवारी शिकवणारा एक औषधविक्या,
निवृत्त पोस्टमन,
भाषा येणारे पण शिकवता न येणारे,
शिकवता येणारे पण भाषा विसरत चाललेले.
त्यांना ती आधी उत्तरपत्रिका तपासायला लावायची.
एकानं ढाक्याच्या मुलाचं 'पानि' खोडून
वर लाल शाईत 'जॉल' लिहिलं होतं.
तिनं ती लाल शाई खोडली.
दोन्ही पाणीच, म्हणाली. तहान कुणाची ते बघा.

दुसऱ्या शनिवारी एकच ओळ दिली भाषांतराला:
शे एलो.
निम्म्यांनी लिहिलं, तो आला.
निम्म्यांनी, ती आली.
सावे बाईंनी लिहिलं, ते आलं,
आणि का ते सांगेनात.
चहा निवला तरी आमचं भांडण चालूच.
"आमची भाषा सांगत नाही," ती म्हणाली,
"तुमचीला लपवता येत नाही.
काय हरवलं ते मुलांना शिकवू नका.
ठरवायची घाई कुणाला झाली होती, ते विचारा."

मग ती माझा वर्ग बघायला आली. पाचवी ब.
शेवटच्या बाकावर सामिउल,
बाप गिलाव्याच्या कामावर,
सात महिन्यांत त्याचा एकच शब्द मी ऐकलेला: हजर.
मी वहीत शेरा लिहून ठेवला होता, मंद.
ती माझ्या धड्यासाठी आली होती.
माझा धडा अर्ध्यावर, आणि ही जाऊन त्याच्या शेजारी बसली,
गुडघे बाकात मावेनात,
आणि अगदी हळू विचारलं, "की खेयेछो?"

त्यानं आधी दाराकडे पाहिलं.
मग खिडकीकडे.
मग माझ्याकडे, परवानगी मागावी तसं.
मी काय केलं आठवत नाही.
"भात," तो म्हणाला.
तो शब्द भाषांतराशिवाय पोचला.
त्यानंतर जे सुरू झालं ते मला कळलं नाही,
आलू कळला, आई कळली,
मधेच पानि कळलं,
आमच्या पाण्याला फक्त एका ण-नं दूर.

माझ्या धड्याबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही.
अभिप्रायाच्या कागदावर
माझ्या नावासमोर नुसती तारीख.

ती गेली त्याला वर्ष होईल.
परवा मधल्या सुट्टीत मी त्याला विचारून पाहिलं,
"की खेयेछो?"
तो इतका हसला की डबा सांडला.
माझा छ म्हणे पार चुकतो.
मी चेष्टा केली,
त्यानं माझी चेष्टा केली,
दोन्ही भाषांत काम झालं.

मंद हा शेरा मी खोडला.
मातृभाषेच्या रकान्यात मात्र अजून 'हिंदी' आहे.
त्याच्या बापानंच सांगून लिहवलं होतं,
दाराकडे बघत.
पेन्सिल रोज हातात असते.
तो रकाना त्याला विचारल्याशिवाय
मी दुरुस्त करणार नाही.