मागे घेणं

एकोणसाठाव्या वर्षी वर्ना ट्रक शिकली.
त्याआधी एकतीस वर्षं
नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावच्या शाळेत
तिनं दोनशे पोरांचं जेवण रांधलं.
शाळा बंद पडली, पातेली लिलावात गेली,
सगळ्यांत मोठी पळी मात्र
ती कोटाच्या बाहीत लपवून घरी घेऊन आली.
दारामागे आहे अजून.

माझे डोळे त्याच हिवाळ्यात गेले.
पुरते नाहीत. कडा राहिल्या, मधलं गेलं.
समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.
अशा माणसाच्या हाती चाळीस टन कोण देणार?
चौतीस वर्षांची किल्ली मी टेबलावर ठेवली,
मिठाच्या डबीशेजारी.
आठवडाभर तिथंच होती.
मग वर्नानं उचलली. म्हणाली,
"हिचं पहिलं काय करायचं असतं?"

मी हसलो.
मग एकट्याचंच हसू ऐकू आलं, तेव्हा थांबलो.

लोकांना वाटतं, स्वप्न होतं वगैरे.
दवाखान्याची बिलं होती.

पाव भाजायचा लांब डबा, तो ट्रेलर.
काड्यापेटी, ती पुढची गाडी.
"मागे घेताना शेपूट उजवीकडे न्यायचंय ना,
मग चाक डावीकडे."
"का?"
"तसंच असतं."
"असं उत्तर देणाऱ्या पोराला
मी दुसऱ्यांदा सूप वाढत नसे."
रात्री दीडपर्यंत डबा टेबलाखाली पडत होता.
मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं
किती चुकलं ते.

शिकवायला कोल्टन. वय सव्वीस.
तिच्याच हातचं खाऊन वाढलेला.
"मॅम, हा सातवा शंकू."
घरी येऊन ती बूट काढता काढता म्हणाली,
"हाच मटार वेचून बाकाखाली टाकायचा.
मी कधी बोलले का?"
दोनदा नापास झाली.
तिसऱ्यांदा परीक्षा कशी गेली ते तिनं सांगितलं नाही,
नुसती पळी काढली
आणि दोघांसाठी दहा जणांचं सूप केलं.

ऑक्टोबरात बीट निघाले.
बारा बारा तासांच्या पाळ्या, चिखल,
दिव्यांखाली बीटांचे डोंगर,
रांगेत तिच्या पुढे निवृत्त पोस्टमन,
मागे एक पाद्री, जो गिअर अडकला की
देवाचं नाव घेई, पण देवळातल्यासारखं नाही.
केबिनची पायरी गुडघ्याला उंच पडे.
तिनं दुधाचा क्रेट दोरीनं बांधून घेतला,
चढली की ओढून वर.

आता लांबच्या फेऱ्या.
काल रात्री मोंटानातून फोन आला, गाडी उभी करून.
मी म्हटलं, "ग्लेंडाइव्हच्या अलीकडे डावीकडे
ओपलचं हॉटेल लागेल. कॉफी आपण ओतून घ्यायची,
पैसे बिस्किटांच्या डब्यात टाकायचे."
"तिथं काही नाही, हाल्वर.
चौथरा आहे. त्यावर गवत."
"नीट बघ. पुढच्या वळणावर असेल."
"पुढचं वळण मागे गेलं."

मी काही बोललो नाही.
कालच दुपारी खुर्चीत बसून
मी तिथं कॉफी प्यायलो होतो.

"पण ऐक," ती म्हणाली,
"त्याच्यापुढे नवा पंप झालाय.
रात्रपाळीला सोमालियाची एक पोरगी असते, इफ्राह.
वेलची घालून चहा देते.
असा चहा त्या रस्त्यावर
तू चौतीस वर्षांत प्यायला नसशील."

खरंच नव्हता.
"कुठं म्हणालीस?" मी विचारलं.
"किती मैलांवर? उजवीकडे की डावीकडे? नीट सांग."
आणि टेबलावर चाचपडत
काड्यापेटी शोधली.