टोंगळ्यावरची खूण

पिंपळखुट्याच्या शाळेची रस्त्याकडची भिंत
चार वर्षांमागं मीच रंगवली.
फुटाला बावीस रुपये, रंग माझा.
डावीकडं हात धुण्याचे सात टप्पे,
उजवीकडं सुरसुरी,
टीव्हीवरची, संध्याकाळी साडेपाचची.
आखूड पाय, पुढचा दात पडलेला, खिशात बेचकी,
अन् डाव्या टोंगळ्यावर खरचटल्याची खूण;
तिच्यासाठी मी गेरूत थोडा काळा कालवला होता.

यंदा साहेबांनी मोबाइलवर फोटो पाठवला.
सुरसुरी बदलली, कंपनीनं मोठी केली,
भिंत अपडेट करा.
केली.
कंबर मुठीत मावेल एवढी,
पापण्या मोरपिसासारख्या,
उंच टाचेचे बूट, बेचकीच्या जागी चिमुकली पर्स.
दात आला. टोंगळा गुळगुळीत.
खोटं कशाला सांगू,
कंबरेला रंग कमी लागला
अन् मी मनात हिशेब केला.

शिडीवरून उतरलो नव्हतो,
चौथीतली आचल तोडसाम येऊन उभी.
"काका, हिचं पोट कुठं गेलं?"
"मोठी झाली नं ते."
"मोठी झाली त पोट जाते? माह्या मायचं त हाये."

गुरुवारी बाजारातून येणाऱ्या बाया
पिशव्या खाली ठेवून थांबल्या.
आधी हसल्या.
बेबीबाई नाखले म्हणाल्या,
"या बुटानं हे तुरीच्या धसकटातून चालून दाखवन का?"
मग कोणीच हसलं नाही.
पिशवीतली कोथिंबीर उन्हानं सुकत गेली.

ग्रामसभेला आमच्याकडं माणसं येत नाहीत,
रजिस्टरच घरोघर सह्या घ्यायला जातं.
त्या दिवशी सतरंजी पुरली नाही.
नालीचा विषय झाला, दिव्यांचा झाला,
मग भिंत.
मागून कोणी बोललं,
"चित्र हाये बाप्पा! चित्रानं काय होते?"
अंगणवाडीतल्या रत्नमाला मदतनीस
कधी बोलत नाहीत. उठल्या.
"चित्रानं काई होत नाही,
त हात धुवाचे सात चित्रं कायले काढले?"

बचत गटाच्या लेटरहेडवर कंपनीला पत्र गेलं.
मजकूर एक ओळ:
आमची पोट्टी वापस करा.
खाली एकेचाळीस सह्या, नऊ अंगठे.
उत्तर अजून नाही.
पोस्टमन आला की आचल सायकलमागं धावते.

हे सगळं खरं,
पण माझ्या घरी तनू आहे, सातवीतली.
"बाबा, मले त नवीनच आवडते.
जुनी म्हणजे निसती बुटबैंगन."
रात्री लाइट आली तेव्हा पाहिलं,
कपाटाच्या आरशापुढं ओढणी कंबरेला आवळून
ती श्वास रोखून उभी.
आत ओढलेलं पोट,
फुगलेल्या गळ्याच्या शिरा.
मी दारात.
सोड वं, सोड तो श्वास, असं म्हणायचं होतं.
म्हणालो नाही.
तिनं सोडला तेव्हा
माझाही सुटला.

चुलीवर भात उतू जात होता.

ठराव झाला: चित्र पूर्ववत करणे.
निधी पुढच्या वर्षी.
तोवर सुरसुरी तशीच,
टाचांवर, पावसाळी गटारापाशी,
शाळा सुटताना पोरींकडं डोळे मिचकावत.

सोमवारी सकाळी पाहतो तर
कोणीतरी कोळशानं
तिच्या डाव्या पायावर खूण काढलेली.
बाकी कुठं हात नाही लावला,
मिशा नाहीत, शिवी नाही.
एवढंच खरचटलेलं, वाकडं,
पोराच्या हाताचं.

मी घरून डबे आणले.
गेरू घेतला, त्यात थोडा काळा.
याचे पैसे कोणी देणार नव्हतं.
तनू शाळेच्या ड्रेसमध्ये, डबा धरायला आली,
नाक मुरडून बघत राहिली.
ब्रश टेकवला तशी म्हणाली,
"थोडं खाली घ्या, बाबा.
टोंगळा तिथं नसते."