सातव्या मजल्याचा सातबारा

इंदिरानगरातलं आमचं घर सातव्या मजल्यावर.
बिल्डरच्या नकाशात पाचच्या वरचं सगळं
वेगळ्या रंगात होतं.
विचारलं, तर सहज म्हणाला,
"ते वरचे दोन टीडीआरचे, मॅडम. मखमलाबादचे."
जसं कुणी म्हणावं, द्राक्षं पिंपळगावची.

मी शाळेत भूगोल शिकवते.
नदी गाळ नेते, वारा वाळू नेतो,
हे सांगत आलेय वीस वर्षं.
पण जमीन राहते जागच्या जागी
आणि तिचा वर चढायचा हक्क तेवढा
फायलीत बसून गोदावरी ओलांडतो,
हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

रविवारी स्कूटर काढली,
सर्व्हे नंबर विचारत विचारत गेले.
बावीस गुंठे. तारेचं कुंपण. पाटी: नियोजित उद्यान.
उद्यान अजून नियोजितच.
आत पेरूची अकरा झाडं.
मालक बदलल्याचं
त्यांना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं.

पोपटराव काकड समोरच राहतात.
चहा झाला. म्हणाले,
"आरक्षण पडलं तव्हा लई भांडलो.
महापालिका म्हणे, पैसा नाही, कागद आहे.
घ्या, आन् विका ज्याला उंच जायचंय त्याला.
आमच्या गावठाणात गल्ली सहा फुटी, तिथं तो चालंना.
नदीकाठाला निळी रेषा, तिथंबी चालंना.
मग आला तुमच्याकडं, रुंद रस्त्याला.
वाईट नाही झालं. थोरलीचं नर्सिंग निघालं त्यातून.
फक्त एक कळत नाही,
मी इकलं काय नेमकं?
माती तर ही काय, हितंच."

मला उत्तर येत होतं, व्याख्येसकट.
दिलं नाही.

दिवाळीनंतर ते आले, पिशवीत पेरू घेऊन.
लिफ्टमध्ये भिंतीला तळवा टेकवून उभे.
बाल्कनीतून बराच वेळ उत्तरेकडे बघितलं.
मधे एक बारा मजली आडवी आलेली,
तीही कुणाच्या तरी रानाची असणार.

मग आत आले, अनवाणी,
टाचेनं फरशी दोनदा ठोकून पाहिली
आणि विचारलं,
"हितं पाणी किती फुटांवर लागतं?"