११२.४० ते ११२.६२

देगलूर मागं पडलं की काळा दगड संपतो.
पाटी कुणी लावलेली नाही,
बांधावरचे धोंडे तेवढे बदलतात:
कोनाचे, चिरलेले होते
ते गोल होत जातात, करडे, गुलाबीसर,
एकावर एक रचून कुणी विसरून गेल्यासारखे.
लाव्हा इथवरच आला,
की पुढं जाऊन, झिजून मागं सरला,
यावर आमच्या खात्यात अजून दोन तट आहेत.
खालचा ग्रॅनाइट त्याच्याहून जवळजवळ चाळीसपट म्हातारा.
तो कुठल्याच तटात नाही.

गुट्ट्याच्या उत्तर उतारावर
गारगोटीची पांढरी शीर.
कुठं दीड हात, कुठं वीत, कुठं नाहीच.
कडेची माती गंजलेली
आणि भेगांमधून
मोरचुदासारखी हिरवी-निळी बुरशी.
कधीतरी कातळ तडकला होता.
तडकीतून कढत पाणी वर चढलं
तांबं पोटात घेऊन,
इथं येईतो निवलं, ओझं टाकलं, गेलं.
(अहवालात याला चार पानं लागली.)

त्र्याऐंशी साली सात भोकं पाडली.
मी नवा. दगडाच्या नळकांड्या पेटीत ओळीनं लावायच्या,
तांबड्या रंगानं बाण काढायचा, टोक खालच्या बाजूला,
आणि वहीत मीटर, सेंटिमीटर.
पाचव्या भोकात एकशे बारावर
पहिल्यांदा पिवळं चमकलं,
मोराच्या मानेवरचे रंग दगडात फिरले,
आणि मग एक वीत काहीच नाही.
अक्षर माझंच आहे:
११२.४० ते ११२.६२, नमुना गहाळ.
खाली: दुसरी पाळी. यंत्र दोन तास बंद.

सरासरी भरली शून्य पूर्णांक चार टक्के.
शीर खाली निमुळती, मग दोऱ्याएवढी.
साठा अविकसित, असा शेरा मारून
फाईल नागपूरला गेली.
या मुलखाला हा शब्द काही नवा नव्हता.
फक्त या खेपेला
अनुशेष मागायला कुणी उठलं नाही.

निवृत्तीनंतर सहज गेलो.
भोकांवरचे सिमेंटचे चौथरे शाबूत,
तिसऱ्यावर मिरच्या वाळत होत्या,
पाचव्याला शेळी बांधलेली.
"काय पाहायलाव साहेब, खाली वाकून?"
सायव्वा. पोशट्टीची बायको.
पोशट्टी आमच्या यंत्रावर दांड्या जोडायचा,
त्याला जाऊन नऊ वर्षं झाली म्हणाली.
चहा झाला. ऊन कलताना वारं सुटलं,
तिनं पायानं दाराशी काहीतरी सरकवलं.

मनगटाएवढा गोल दगड, वीतभर लांब.
पिवळे ठिपके मी उंबऱ्यावरूनच ओळखले.

"पावसाळ्यात हिरवा होतोय ह्यो.
दसऱ्याला बिंदगीसंगं चिंचेनं घासते.
तांबंच की हे, दुसरं काय?"

मी काही बोललो नाही.
तीच बोलली, चुलीकडं बघत:
"चोरला नै त्यांनी.
त्या राती दांडीत बोट गेलं त्यांचं,
करंगळीच्या शेजारचं.
दवाखान्यातून आले, एका हाताला पंचा गुंडाळलेला
आन् दुसऱ्या हातात हे.
म्हणले, बोटाच्या बदल्यात आणलं."

यंत्र दोन तास बंद.
वळणदार अक्षर होतं माझं त्या काळी.

सवयीनं खिशातून टेप काढला. बावीस.
बाण चिंचेनं कधीच धुऊन नेला होता.
दोन्ही टोकं चेपून गोल झालेली,
जोडून बघायच्या पेट्या गोदामात कुजलेल्या.
वर कुठली बाजू, खाली कुठली,
आता कुठलीच प्रयोगशाळा सांगणार नाही
असं मी म्हणालो, तिला की मलाच.

सायव्वानं दगड माझ्या हातातून घेतला,
एकदा फिरवून दाराशी लावला.
"ही बाजू खाली."
"कशावरून?"
"उलटा ठेवला की रातभर दार वाजतंय."