शेऱ्याचा रकाना

माझ्याकडे एकतीस प्रश्न होते
आणि शून्य ते चार असे स्तर.
शून्य म्हणजे कुणालाच माहीत नाही.
चार मी अजून कुठे पाहिलेला नाही.

गंगापूर रोडवरच्या त्या विद्यापीठात
कुलसचिवांनी आधी चहा दिला, मग डेटा-धोरण.
सोळा पानं, स्पायरल बाइंडिंग,
पान नऊवर भलत्याच विद्यापीठाचं नाव
बदलायचं राहून गेलेलं.
मी पान उलटलं. चहा चांगला होता.

भूशास्त्रात विचारलं, डेटा कुठे ठेवता?
डॉ. गायधनींनी किल्ल्यांचा जुडगा काढला :
स्कूटरची, कपाटाची, घराची,
आणि सप्तशृंगीच्या छबीला लागून
टोपण हरवलेला एक पेनड्राइव्ह.
"बॅकअप?"
"हाच."

रसायनशास्त्रातल्या संगणकाचा पासवर्ड
अमोघ क्षेमकल्याणीला माहीत होता.
अमोघ आता टोरांटोत असतो.
नदीतल्या फॉस्फेटची सहा वर्षं
त्या पडद्यामागे अडकून बसलीत.
दिवाळीला फोन करतो तो, बाई म्हणाल्या,
तेव्हा विचारू.
फेब्रुवारी चालू होता.
मी लिहिलं : स्तर एक.

तळमजल्यावर वनस्पतिशास्त्र.
तिथे पुंजाराम निकाळे, प्रयोगशाळा परिचर,
निवृत्तीला चार महिने.
त्यांनी लोखंडी कपाटाला कोपर मारलं
आणि ते उघडलं.

एकोणीस वह्या. वर्तमानपत्राची कव्हरं.
वर साल आणि शिवार :
मोहाडी, उगाव, ओझर, कसबे सुकेणे.
द्राक्षाचं पान पहाटे किती वेळ ओलं राहिलं,
किती वाजता सुकलं,
भुरी आधी कुठल्या ओळीत दिसली.
चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ,
खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही.
एके ठिकाणी : सायकल पंक्चर, नोंद नाही.
अंदाजाने भरलेलं काहीच नाही.

"हे शिकवलं कुणी?"
"शिकवतंय कोण. चुलते कोतवाल होते गावात.
खोडलेलं दिसलं पाहिजे, म्हणायचे,
नाहीतर जमीन जाते."

या वह्यांवर तीन शोधनिबंध निघाले होते,
मी नंतर शोधले.
आभार निधीचे, विभागाचे,
एका पत्नीच्या सोशिकपणाचे.
पुंजाराम निकाळे कुठेच नाहीत.

संध्याकाळी पंचवटीत गेलो, सहज.
सोबत आमच्या कार्यालयातला चिन्मय.
उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं,
बासनातून लांबट वही काढली
आणि पाच मिनिटांत त्याचे पणजोबा हजर :
मोडीत सही, बरोबर कोण, कुणाच्या अस्थी.
ना सर्व्हर ना सूची.
माझ्या मनात चटकन उमटलं : स्तर चार.

मग मी माझं आडनाव सांगितलं.
वहीकडे न बघता ते म्हणाले,
"तुमची आमच्याकडे नसणार."
माणूस वाईट नव्हता. पाणी विचारलं त्याने.
बासनाची गाठ मात्र दोनदा मारली.

रात्री लॉजवर अहवाल भरायला घेतला.
प्रश्न सत्तावीस :
डेटा कोणी गोळा केला, याची नोंद आहे काय?
होय. नाही. अंशतः.
तिन्हींपैकी कशावरही बोट टेकेना.
खाली शेऱ्याचा रकाना, वितभरसुद्धा नाही.
मी लिहिलं :
वह्या उत्तम आहेत. कपाट कोपराने उघडतं.
कोपर जूनमध्ये निवृत्त होतंय.
वह्या पुंजाराम निकाळे यांनी लिहिल्या आहेत.

अक्षरमर्यादा ओलांडली, पडद्यावर लाल ओळ आली.
कोपर काढलं. कपाट काढलं.
"उत्तम"सुद्धा काढलं.
नाव ठेवलं.

काढलं ते सगळं साफ पुसलं गेलं.
एका रेघेने खोडायची सोय
त्या रकान्यात नव्हती.