अर्धा मार्क

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रात्री साडेनऊला
म्हशी ओळीनं उभ्या, आणि ग्लास धरलेली माणसं
म्हशींहून गप्प.
बायका कमीच. मी एकटी, पर्स काखेत,
तीस वर्षांचा खडू अजून नखांच्या कडांत.

पहिली धार ग्लासाच्या तळाला लागते
तेव्हा वाजते ती रिकामी काच.
मग दुधावर दूध पडू लागतं,
आवाज बुजतो, फेस चढतो.

धार काढतोय बसवंत. मलकारी गवळ्याचा थोरला.
एस.वाय.ला होता माझ्याकडे,
शेवटचा बाक, शर्टाला पेंडीचा वास,
पहाटेच्या धारा उरकून आलेला, जांभया दाबत.

फळ्यावर मी पेशीपटल काढायचे:
दोन रांगा, गोल डोकी, प्रत्येकाला दोन पाय.
डोकी पाण्याकडे,
पाय आत, एकमेकांसमोर, पाण्याला पाठमोरे.
पोरं पट्टी लावून उतरवून घ्यायची.
सरळ रेषेला मी पूर्ण मार्क देत आले.

याची आकृती डगमगलेली.
डोकी खाली-वर, पायांत फटी,
मधे प्रथिनं, तलावात म्हशी डुंबाव्यात तशी
कुठं पाठ वर, कुठं नुसतं नाक.
मी अर्धा मार्क कापला. नीटनेटकेपणाचा.

पेपर हातात घेऊन आला.
"बाई, पण ते हलतंय न्हवं?"

हलतं.
शेजारी शेजाऱ्याशी जागा बदलतो,
सेकंदाला लाखो वेळा, कुणाचा पाय न तुडवता.
फक्त या रांगेतून त्या रांगेत जायचं म्हणजे
डोकं तेलातून खाली न्यायचं;
ते सहसा होत नाही,
कुणीतरी उचलून न्यावं लागतं.
हे मी शिकवलं होतं. तोंडी. फळ्यावर मात्र पट्टी.

त्याला कुठून कळलं, विचारलं तर म्हणाला,
"सरकी जास्त घातली की लोणी दगड.
हिरवा चारा असला की बोट लावलं तरी वितळतंय.
म्हस तीच, हंगाम बी तोच."

मी पुस्तकातलं पान उघडून बसले त्या रात्री.
सरळ पायांची दाटी होते, गोठतात.
एखाद्याचा पाय गुडघ्यात वाकडा असला
की तो शेजाऱ्याला खेटू शकत नाही,
आणि त्याच्या त्या वाकडेपणामुळंच
सगळ्यांना हलायला जागा राहते.
मधेमधे कोलेस्टेरॉल, ज्याला आपण सगळे शिव्या देतो,
उन्हाळ्यात आवरून धरणारं,
थंडीत गोठू न देणारं.

एवढं सगळं होतं पुस्तकात.
मार्क मी वाढवला नाही.
रजिस्टर ऑफिसला गेलं होतं, असं काहीतरी म्हणाले असेन.

आता त्याच्या हातातला ग्लास भरतोय.
या दुधातला स्निग्धाचा एकेक थेंब
कासेतल्या पेशीतून बाहेर पडताना
तिच्या पटलाचाच तुकडा पांघरून निघालाय.
सासरी निघालेल्या पोरीला
घराची भिंतच गुंडाळून द्यावी,
आणि भिंतीला भोक पडू नये.
ती तिथल्या तिथं जुळते, आतून नवी येते,
सकाळ-संध्याकाळ, पुन्हा पान्हा सुटेपर्यंत.

पट्टीनं आखलेल्या भिंतीला
हे कसं जमलं असतं?

"बाई, रिटायर झालात म्हणं?"
"मार्चमध्ये."
तो मान हलवतो. चंद्रीच्या मांडीला कपाळ टेकून
पुन्हा दोन धारा मारतो माझ्या ग्लासात,
फेस काठावरून बोटांवर.
"ऱ्हाऊ दे, अर्धा वर हाय,"
म्हणतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो.

त्याला आठवतंय की नाही, मला विचारता येत नाही.
दूध कोमट आहे, म्हशीच्या अंगाइतकं.
ओठावर फेसाची रेघ उरते,
वाकडी.
मी पुसत नाही. रंकाळ्याकडून वारं येतंय,
फुटतायत त्यातले बुडबुडे, एकेक.