ढाळ

रुवीत, शुक्रवारी, नमाज सुटल्यावर
एक्स्चेंजचं शटर अर्धंच वर जातं
आणि रांग वाकून आत शिरते.
मी कोपऱ्यात, थंड पाण्याच्या मशीनपाशी, वही घेऊन.
वहीत लिहायचं: कोण कुठे अडलं, किती वेळ.
यंत्र माझं आहे. म्हणजे लोखंड कुणा कोरियन कंपनीचं,
पण त्यावरची अक्षरं, चौकोन, हिरवं-लाल,
कुठलं बटण आधी, कुठलं नंतर,
हे मी ठरवलंय, अल खुवैरच्या गार खोलीत,
पाय खुर्चीवर घेऊन.

रांगेत आठवा एक जण. खिशातून प्लास्टिकची पिशवी,
पिशवीतून कागद, कागदावर मुलीच्या अक्षरात खातेक्रमांक,
तिचा प्रत्येक सात शेपटीवाला.
मग चष्मा. चष्म्याची काच पुसणं.
मग तर्जनी.
यंत्राची काच तिला ओळखेना,
सिमेंटनं बोटावरच्या रेषा कधीच धुऊन नेलेल्या.
त्यानं बोट जिभेला लावलं, नोटा मोजताना लावतात तसं,
आणि पुन्हा दाबलं.
अकराव्या आकड्याला स्क्रीन काळवंडली
आणि मीच लिहिलेलं वाक्य उमटलं, शुद्ध मराठीत:
तुम्ही अजून इथे आहात का?

तो थबकला. ओठ हलवत वाचलं.
मागे रांगेकडे पाहिलं, वर दिव्याकडे पाहिलं.
"हाय रे बाबा," यंत्राला म्हणाला,
"एकोणीस वर्सां झाली. हयांच हाय."
आणि उत्तर दिलंय म्हणून थांबून राहिला.

स्क्रीन पहिल्या पानावर गेली.
झेंडे. भाषा निवडा.

तीस सेकंद.
बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, किती ठेवायचे?
मी म्हणाले होते, तीस पुरेत.
चहात साखर ढवळत.

वहीत काही लिहिलं नाही. उठून गेले.
आकडे त्यांनी वाचले, मी दाबले.
शमशुद्दीन सोलकर, दाभोळ. लादीकाम.
तुम्ही काय करता, विचारलं. सांगितलं: हेच. हे यंत्र.
वाटलं, आता बोलतील काहीतरी.
त्यांनी नुसता अंगठा फिरवला स्क्रीनच्या कडेवरून,
कारागीर दुसऱ्याचं काम बघतो तसा.
मग म्हणाले, न्हाणीच्या लादीला ढाळ द्यावा लागतो.
पायाला कळता कामा नये, पाण्याला कळला पाहिजे.
पाण्याला सांगावं लागलं, बाबा मोरी तिकडं हाय,
तर लादी उखडायची नि परत घालायची.
आपल्या पैशानं.
आपल्या पैशानं, हे दोनदा म्हणाले.

त्या रात्री माझ्या फ्लॅटच्या न्हाणीत
एक मग पाणी ओतलं आणि उकिडवी बसून पाहिलं.
पाणी वॉशिंग मशीनच्या मागे गेलं, तिथेच साचलं.
दोन वर्षं मी ते रोज पुसतेय
आणि समजतेय, चूक माझ्या आंघोळीची.

सोमवारी बिजॉयसाहेबांशी भांडण.
वेळ वाढवली तर रांग वाढेल, ते म्हणाले.
मी म्हटलं, एक माणूस तीनदा पहिल्यापासून सुरू करतो
ती रांग कुठल्या खात्यात मांडता?
ठीक, म्हणाले, पण त्या वाक्याच्या जागी काय?
तीन दिवस सुचेना.
"वेळ घ्या" उपकार केल्यासारखं वाटे,
"सावकाश" घाटातल्या पाटीसारखं.
शेवटी काहीच लिहिलं नाही.
आकडे मोठे केले, चार-चारांचे पुंजके,
माणूस थांबला की तेही थांबणारे,
कार्ड काढलं की पुसले जाणारे.
आणि काच बदलून घेतली, झिजल्या बोटांना ओळखणारी.
त्यावरून आणखी एक भांडण, ते जाऊ दे.

पुढच्या महिन्यात ते आले.
पिशवी, कागद, चष्मा. बोट सवयीनं जिभेला.
सोळा आकडे, मध्येच एक जांभई. पैसे गेले.
काही बदललंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं.
मला ओळखलं मात्र. पावती नाकापाशी धरून आले.
"ह्याची शाय लय फिकी हाय," म्हणाले,
"पोरीला फोटो धाडला तर दिसत नाय."

वही उघडली. लिहिलं: शाई.